बारा इंचांचा हट्ट कशाला? ब्लॉकचं माप त्याच्या घरांवरून ठरू द्या

सुईदोरा:
आम्ही आठ मैत्रिणी मिळून सँपलर क्विल्ट करतोय, म्हणजे प्रत्येक चौकोनी ब्लॉकचा नमुना वेगळा असलेली गोधडी. नियम एकच, प्रत्येक ब्लॉक शिवून झाल्यावर १२ इंच भरला पाहिजे. ओहायो स्टार, चर्न डॅश, सॉटूथ स्टार हे नमुने सहज बसले. मी बेअर्स पॉ (अस्वलाचा पंजा) घेतला आणि तीन संध्याकाळी नुसत्या उसवण्यात गेल्या. तो ब्लॉक सात घरांचा, म्हणजे आडवे-उभे सात-सात सारखे चौकोन. १२ भागिले ७ म्हणजे १.७१ इंच, आणि ही रेघ कुठल्याच पट्टीवर नसते. मी घर पावणेदोनचं धरलं, ब्लॉक सव्वाबारा झाला. शेजारच्या ब्लॉकला जोडताना तो पाव इंच झोळ होऊन वर आला.

तीन आणि चार घरांचे ब्लॉक खुशाल १२ चे करा. पण पाच घरांचा १० किंवा साडेबाराचा, सात घरांचा साडेदहा किंवा १४ चा, असंच माझं मत आहे. घर दीड इंचाचं आलं की कापणं सरळ, टोकं जुळणंही सरळ. १२ हवेच असतील तर साडेदहाच्या ब्लॉकला चारी बाजूंनी सव्वा इंच रुंद कापडाची पट्टी लावा. मायेत (शिवणीसाठी सोडलेल्या कडेत) गेल्यावर पाऊण इंच उरते, दोन बाजूंचा मिळून दीड.

पेन्सिलपट्टी:
मला हे पटत नाही. पट्टीवर रेघ नाही म्हणून ब्लॉक बदलायचा? कागदावर १२ इंचांचा चौकोन काढा. पट्टी तिरकी धरा, शून्य डाव्या कडेवर आणि १४ उजव्या कडेवर येईल अशी. दर दोन इंचांवर खूण करा आणि खुणांमधून उभ्या रेघा सोडा. भागाकार न करता सात सारखे भाग मिळतात. कागद फिरवून आडव्या रेघाही तशाच. मग एकेका आकाराचा साचा काढून बाहेरून पाव इंच माया द्यायची.

ओल्फा कंपनीचा रोटरी कटर (कापड कापायचं गोल फिरतं पातं) १९७९ मध्ये आला आणि हळूहळू आपण पट्टीवरच्या रेघांपुरतेच ब्लॉक निवडायला लागलो. त्याआधी साचेच असायचे. 'कॅन्सस सिटी स्टार' हे वर्तमानपत्र १९२८ ते १९६१ ब्लॉकच्या आकृत्या छापत होतं, त्यावरून पुठ्ठ्याचे साचे कापून बायका शिवत. सात घरांना त्या घाबरल्या नाहीत. शिवाय कापडाची पट्टी लावलेला पंजा बाराच्या चर्न डॅशशेजारी आखडून बसल्यासारखा दिसतो, ते मला अजिबात आवडत नाही.

लगबग:
आखणी, तिरकी पट्टी, एवढा खटाटोप का? झेरॉक्सवर मोठं करा. मी आठ इंचांचा नमुना १५० टक्के करून १२ चा केला.

पेन्सिलपट्टी:
आणि माया? साच्यावर माया आखलेली असेल तर तीही दीडपट होते, पावाची ३/८ इंच. तुम्ही मशीनवर पाव इंचालाच शिवणार, म्हणजे प्रत्येक तुकडा पाव इंच जास्त उरतो. चार घरांच्या ब्लॉकमध्ये पुरा एक इंच वाढला. आधी माया कापून टाका, नुसता आकार मोठा करा, मग नव्याने पाव इंच द्या. टक्केवारीही तयार मापावरूनच काढायची. साडेदहावरून १२ ला ११४.३ टक्के.

लगबग:
माझा १३ का झाला ते आत्ता कळलं! मी शिवताना चुकले असंच समजत होते.

तीससेंमी:
वाद इंचांमुळे आहे. ब्लॉक ३० सेंटीमीटरचा ठेवा. तीन घरं १० ची, चार साडेसातची, पाच ६ ची, सहा ५ ची. माया पाऊण सेंटीमीटर. फक्त सात घरं अडतात, त्यांना २८ करून एकेक सेंटीमीटरची किनार द्या. एकच सांगते, गटातली एक जण इंचात आणि दुसरी सेंटीमीटरमध्ये, असं कधीही करू नका.

आठटोकी:
सुईदोराताई, तुमचा नियम घरं असलेल्या ब्लॉकपुरता ठीक. लेमॉइन स्टारचं, आठ टोकांच्या ताऱ्याचं, काय करणार? त्याला घरंच नाहीत. १२ इंचांच्या ब्लॉकमध्ये कोपऱ्याचा चौकोन साधारण ३.५१ इंचांचा येतो, आणि १० चा केला किंवा १४ चा केला तरी पट्टीवर न बसणाराच आकडा येतो. तिथे कंपासच लागतो. टोक चौकोनाच्या कोपऱ्यात ठेवायचं, मध्यबिंदूपर्यंत उघडायचा आणि लगतच्या दोन्ही बाजूंवर खूण करायची. चारी कोपऱ्यांतून झालं की आठ खुणा मिळतात, त्या जोडल्या की तारा उभा राहतो. हे एकदा हाताने केलं की माणूस मापाला बिचकत नाही.

सुईदोरा:
ताऱ्याचं मान्य, तो आखूनच करायला हवा. पंजाचं मात्र अजून पटलेलं नाही. त्यात चार पंजे मिळून सोळा त्रिकोणजोड्या (दोन त्रिकोण जोडून झालेले चौकोन) असतात. प्रत्येक जोडी २.२१ इंचाला छाटायची आणि पट्टीवर रेघ नाही. एकेकीत सुताएवढा फरक पडला तरी ओळीच्या शेवटी टोक मायेत गडप. साचा पुठ्ठ्याचा असेल तर त्याची कड चौथ्या-पाचव्या तुकड्याला झिजते, हा अनुभव आहे माझा.

पेन्सिलपट्टी:
पुठ्ठा नकोच. पारदर्शक पट्टी आखलेल्या कागदावर ठेवा आणि मायेसकटच्या रेघेवर पट्टीच्या खालच्या बाजूने चिकटपट्टी लावा. आता रेघ तुमच्या पट्टीवर आहे. चौकोन पावणेतीनचे कापा, दोन-दोन जोडून त्रिकोणजोड्या करा, इस्त्री करा आणि चिकटपट्टीच्या कडेला छाटा. छाटताना कर्णाची शिवण पट्टीच्या ४५ अंशांच्या रेघेवर हवी, इथे हयगय नको.

सुईदोरा:
काल रात्री करून पाहिलं. चार जोड्या छाटल्या, एकमेकींवर ठेवल्या तर कड कुठेही बाहेर नाही. एक पंजा शिवून झाला, चारही टोकं शाबूत. बाकीचे तीन पंजेही असेच करते. पण पुढच्या क्विल्टला ब्लॉकच्या नावापुढे घरांची संख्या लिहूनच यादी फिरवायची, हे मी गटात मांडणार आहे. पाच-सात घरांचा ब्लॉक घेणारीला कागद-पेन्सिल लागणार, हे तिला कापड कापण्याआधी कळलं पाहिजे.

आठटोकी:
यादीत लेमॉइन स्टारपुढे काय लिहाल?

सुईदोरा:
'कंपास'.