ओट्याखालच्या शटर्सना रंग द्यावा की नवीच करावीत?

धायरीकरीण

मंडळी, सल्ला हवाय. आमच्या फ्लॅटमध्ये बिल्डरने किचन ट्रॉल्यांसकट दिलं होतं. साधी पांढरी प्री-लॅम (कारखान्यातूनच वर गुळगुळीत थर चिकटवून येणाऱ्या) पार्टिकल बोर्डाची कपाटं, आता पिवळट पडली आहेत. ओटा साडेदहा फूट, खाली सात शटरं, प्रत्येक साधारण १८ इंच रुंद आणि २७ इंच उंच. सिंकखालचं शटर तळाशी फुगून पावासारखं झालंय, आणि दोन बिजागऱ्या लोंबतात. बाकी सांगाडा ठणठणीत वाटतो. वरची कपाटं ठीक आहेत, ती नंतर.

मॉड्युलर किचनवाल्याचं कोटेशन ऐकून मी त्याला चहा पाजून परत पाठवलं. पंधरा हजारांच्या आत काय होईल? नवरा म्हणतो ऑइल पेंट मार, बहीण म्हणते स्टिकर लाव. मला लाकडी टेक्श्चर आवडतं.

भाडेकरू_ठाणे

स्टिकर भाड्याच्या घरापुरता ठीक. आम्ही संगमरवरी डिझाइनचा रोल लावलाय, फोटोत झकास दिसतो. पण गॅसच्या शेजारच्या दाराच्या कडा उचलल्या गेल्या आणि त्याखाली तेलकट चिकटा बसतो. स्वतःच्या घरात मी लावणार नाही.

रंधा

ताई, माझं फर्निचरचं वर्कशॉप आहे, त्यामुळे जरा लांब लिहितोय.

आधी सिंकखालचं. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा आणि गोंद दाबून केलेली पाटी. एकदा पाणी पिऊन फुगली की वाळवली तरी मूळ जाडीवर येत नाही. त्यावर रंग, स्टिकर, सनमायका काहीही चढवणं म्हणजे पैसे पाण्यात. ते शटर काढूनच टाका. आणि त्याआधी सिंकची वेस्ट कपलिंग (भोकातली जाळीची फिटिंग) आणि पाइपाचा जोड गळतोय का ते बघा, नाहीतर नवं शटरही फुगेल. सिंकखालच्या तळफळीवर नखाने टोचून बघा. नख आत गेलं तर तीही बदला, तिथे पीव्हीसी बोर्ड घाला. पीव्हीसी पाण्याने फुगत नाही. फक्त शेगडीजवळ वापरू नका, उष्णतेने मऊ पडतो.

ऑइल पेंट थेट प्री-लॅमवर मारला तर तो धरत नाही, नखाने सोलून निघतो. रंगच द्यायचा असेल तर शटरं उतरवून आडवी ठेवा, धुण्याच्या सोड्याने चिकटा पूर्ण काढा, २२० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक मारा, गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा प्रायमर, मग फोमच्या रोलरने पातळ दोन हात. हाताला कोरडा लागला म्हणजे पक्का झाला असं नाही, आठवडाभर तरी दारं आपटू नका. आणि पावसाळ्यात नकोच.

तुमच्या जागी मी सांगाडा तोच ठेवून शटरं नवी केली असती. १८ मिमीची प्री-लॅम एचडीएचएमआरची, म्हणजे जास्त दाट दाबलेल्या लाकडी बोर्डाची, पाटी घ्या. साध्या पार्टिकल बोर्डापेक्षा ओल चांगली सोसते. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये मापं दिली की मशीनवर कापून, चारही कडांना एज बँड (कड झाकणारी पट्टी) लावून मिळण्याची सोय होते. कड उघडी ठेवू नका, पाणी तिथूनच शिरतं.

आता लाकडी टेक्श्चरची गंमत. पाटी ८ बाय ४ फुटांची, रेषा लांबीला. सगळ्या शटरांवर रेषा उभ्या हव्या असतील तर उंचीत २७ची तीन आणि रुंदीत १८ची दोन, म्हणजे सहाच बसतात. तुमची सात. एका शटरासाठी दुसरी पाटी! साधा रंग घेतलात तर काही उभी, काही आडवी कापून आठ निघतात. म्हणून प्लेन घ्या. फिकट राखाडी किंवा पिस्ता सुंदर दिसतो, आणि लाकडाची हौस हँडलवर भागवा.

धायरीकरीण

बाप रे, एवढा हिशेब कोणी कोटेशनमध्येही दिला नव्हता! प्लेन पिस्ता ठरलं. पण बिजागऱ्या लोंबतात त्याचं काय? सुताराने स्क्रू आवळले तर ते नुसते गोल फिरतात. आणि हँडल ऑनलाइन मागवू का?

चिपळूणची_सून

मध्येच बोलते. माझ्या सासरी कडप्प्याचे उभे कप्पे आहेत, त्यांना ॲल्युमिनियमच्या चौकटीची दारं बसवली. वाळवीला खायला काहीच नाही, आमच्याकडच्या पावसात तेच बरं. पण दार लावताना खडखडतं, त्याला रबरी बटणं चिकटवा.

रंधा

चिपळूणच्या ताईंचं कोकणासाठी अगदी बरोबर. धायरीकरीणताईंचा सांगाडा बोर्डाचा आहे, मग तो फेकायचा कशाला.

स्क्रू फिरतात कारण भोकात चुरा झालाय. बांबूच्या काडीचे तुकडे फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात ठोका, रात्रभर वाळू द्या, वरचं टोक कापा आणि मग स्क्रू मारा. भोक फारच मोठं झालं असेल तर बिजागरीची सांगाड्यावरची प्लेट इंचभर वर सरकवा. शटर नवं असल्यामुळे त्यातलं ३५ मिमीचं कपाचं (बिजागरीची वाटी बसते ते) भोकही त्याच मापाने वर घेता येतं. म्हणून बिजागरीची जागा नक्की केल्याशिवाय भोकं पाडू देऊ नका. बिजागऱ्या सॉफ्ट-क्लोजच घ्या, इथे शंभर-दोनशे वाचवू नका.

हँडल नंतर. दोन स्क्रूंमधलं अंतर बघा, ९६ किंवा १२८ मिमी मिळतं. सातही एकदमच घ्या, वर एक जास्तीचं. नंतर तोच मॉडेल दुकानात सापडत नाही.

धायरीकरीण

प्लेट इंचभर वर सरकवली तर आतल्या ट्रॉलीच्या चॅनेलला (ती सरकते त्या पट्टीला) अडेल का? सिंकशेजारच्या कपाटात चॅनेल अगदी बिजागरीजवळूनच जातो.

रंधा

त्या एका कपाटात अडेल. तिथे प्लेट खाली घ्या.