'कन्सिडरेबल' धोका म्हणजे मराठीत किती?

प्रश्न: इथे कॅनडातल्या आपल्या मंडळींसाठी ॲव्हलांच कॅनडा या संस्थेचा हिमस्खलनाच्या धोक्याचा रोजचा अंदाज मराठीत लिहायला घेतलाय, बरेच जण स्नोमोबाइल (बर्फावर चालणारी मोटर-स्लेड) घेऊन रेव्हलस्टोक गावाजवळच्या डोंगरात जातात म्हणून. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात: लो, मॉडरेट, कन्सिडरेबल, हाय, एक्स्ट्रीम. बाकीच्या जमल्या, तिसरीवर अडलेय. 'मध्यम' चालेल?

उत्तर: नको ताई. पाचात तिसरी म्हटलं की माणूस निम्मा धोका समजतो आणि निघतो. कन्सिडरेबलचा अर्थ हिमस्खलन आपोआप होऊ शकतं, आणि माणसामुळे होण्याची दाट शक्यता आहे. हाय असेल तर लोक घरी थांबतात, याला मात्र बाहेर पडतात, बरेचसे मृत्यू याच पायरीवर होतात. 'मध्यम' मॉडरेटलाच ठेवा.

दुसरं उत्तर: 'लक्षणीय' पण नको, ते पेपरातलं 'लक्षणीय वाढ' वाटतं, भीती वाटत नाही. मी तर 'चांगलाच धोका' म्हणेन, बोलताना आपण तेच म्हणतो, पण बोर्डावर नुसतं 'चांगला' वाचून घोळ होईल, तेव्हा 'बराच धोका'.

आणि अंदाजात येणाऱ्या 'व्हुम्फ' या आवाजाला शब्द शोधू नका, 'धप्प' लिहा. बर्फाचा खालचा कच्चा थर दबला की तो आवाज येतो, आणि स्लेडवर इंजिनच्या आवाजात तो ऐकूच येत नाही, म्हणून सपाटीवर थांबून, इंजिन बंद करून, उतरून चालून बघायचं, स्लेडच्या स्कीच्या पुढे बर्फात भेगा पळतायत का तेही बघायचं. तो कच्चा थर बऱ्याचदा साखरेसारखा असतो, त्याला आपला 'रवाळ' शब्द अगदी फिट बसतो, मुठीत दाबला तरी गोळा होत नाही. धप्प झालं की ३० अंशांवरच्या चढाला त्या दिवशी हात लावायचा नाही.

प्रश्न: 'बराच धोका' घेते. रनआउटला 'लोट येऊन थांबतो ती जागा' ठीक आहे का?

उत्तर: ठीक आहे, लांबलं तरी चालेल. फक्त त्याखाली लिहाच की तिथे स्लेड लावून बघत उभं राहू नये आणि चढावर एका वेळी एकानेच जावं. १३ मार्च २०१० ला रेव्हलस्टोकजवळ बोल्डर माउंटनवर उताराखाली बघायला जमलेली गर्दीच लोटात सापडली होती, दोघांचा जीव गेला, कितीतरी जखमी झाले.