एजंटसाठी टूलचं वर्णन कसं लिहायचं? आमचा कांद्याचा भाव दहापट सांगतोय

यार्डातला_कोडर

गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या आडत्यांसाठी आम्ही हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो. शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या मालाच्या हिशेबाची चिठ्ठी), हमाली, तोलाई, खरेदीदाराची उधारी, सगळं त्यात. आता एका गाळ्याच्या मालकांना ते बोलून विचारायचंय: ‘काल कोथिंबीर काय भावाने गेली?’ म्हणून एमसीपी (एआय मॉडेलला बाहेरची सॉफ्टवेअरं जोडायची पद्धत) सर्व्हर लिहिला, सहा टूल्स, म्हणजे मॉडेलला बोलावता येतील अशी फंक्शनं, दिली. चालतं, पण भरवसा नाही. कांद्याचा दर कधी बरोबर सांगतो, कधी दहापट. शनिवारी विचारलं तर ‘आवक शून्य, मागणी घटली असावी’ असं ठोकून देतो. अरे बाबा, शनिवारी यार्ड बंद असतं! आणि परवा दिवाणजी म्हणाले पट्टी दाखव, तर याने नवीन पट्टीच तयार केली.

वर्णन सध्या एवढंच आहे: ‘गेट_रेट: रेट आणतं.’ पॅरामीटर दोन, ‘आयटेम’ आणि ‘डेट’. मॉडेल बदलून पाहिलं, फारसा फरक नाही. किती लिहायचं असतं? जास्त लिहिलं तर कॉन्टेक्स्ट, म्हणजे मॉडेल एका वेळी वाचू शकतं तेवढी जागा, भरतो म्हणतात.

बाणेर_बॅकएंड

ओपनएपीआयची (एपीआय काय काय करतं याची ठरावीक साच्यातली) फाइल असेल तर टूल्स आपोआप बनतात, हाताने कशाला लिहिताय? आणि एलएलएमएस डॉट टीएक्सटी ठेवून द्या.

मॅन्युअलवाली

आपोआप बनवा की. त्या फाइलमध्ये ‘रेट आणतं’ असेल तर इकडेही ‘रेट आणतं’च येईल. आणि एलएलएमएस डॉट टीएक्सटी २०२४ मध्ये जेरेमी हॉवर्डने सुचवलं ते वेबसाइटवरची माहिती मॉडेलला साध्या मार्कडाउनमध्ये मिळावी म्हणून. यांची अडचण ती नाही.

कोडर, आधी मॉडेलपुढे काय जातं ते बघा. क्लायंट, म्हणजे मॉडेल चालवणारं अ‍ॅप, टूलांची यादी मागतो, तुमचा सर्व्हर प्रत्येकाचं नाव, वर्णन आणि इनपुटचा जेसॉन स्कीमा (कुठला पॅरामीटर कशा रूपात हवा याचा आराखडा) पाठवतो. तुमचा कोड, डेटाबेसच्या कॉलमवरची कॉमेंट, दिवाणजींच्या डोक्यातलं काहीच तिथवर पोचत नाही. माझी उभी हयात हिंजवडीत मॅन्युअलं लिहिण्यात गेली, ती कुणी उघडून बघत नाही हे गृहीत धरूनच. इथे वाचणारा सगळं वाचतो आणि नसेल ते मनाने भरतो.

कांद्याचं तर उघड आहे. यार्डात कांदा दहा किलोवर बोलतात, सरकारी भाव क्विंटलवर असतात, पालेभाजी शेकड्यावर. तुमचं टूल नुसतं ‘१८०’ पाठवत असेल तर मॉडेल त्याच्या ओळखीचं एकक लावणार. गाळ्यावर हे कुणाला विचारावं लागत नाही, म्हणूनच ते कुठे लिहिलेलं नाही. वर्णनात लिहा आणि उत्तरातही पाठवा: ‘दर १८०, एकक रुपये प्रति १० किलो’. दोन्हीकडे हवं. वर्णन मॉडेलपासून दूर, वर कुठेतरी राहतं, उत्तर जवळ असतं.

तारखेचा साचा स्कीमात बांधून टाका, वर्ष-महिना-दिवस असा. ०५/०६ म्हणजे पाच जून की सहा मे, हा वाद त्याच्यावर सोपवू नका. शिवाय मॉडेलला आजची तारीख माहीत असेलच असं नाही, मग ‘काल’ कुठून काढणार? ‘काल’ हा शब्दच पॅरामीटरमध्ये चालू द्या आणि हिशेब सर्व्हरवर करा.

शनिवारचा घोळ रिकाम्या यादीमुळे होतोय. यार्ड बंद होतं, माल आला नाही की दिवाणजींनी अजून नोंदच केली नाही, काहीही असू शकतं. जे असेल ते शब्दांत पाठवा: ‘शनिवार, साप्ताहिक सुट्टी. शेवटचा व्यवहार शुक्रवारचा.’ एररचंही तसंच. नुसता ‘४००’ हा एरर-कोड पाठवून मॉडेल काय करणार? ‘हे नाव सापडलं नाही, यादीत कांदा जुना आणि कांदा नवीन आहेत’ असं पाठवलंत तर तो स्वतःच पुन्हा विचारेल. एमसीपीत चूक टूलच्या उत्तरातच ‘इझ-एरर’ लावून परत पाठवता येते, ती मॉडेलने वाचावी म्हणूनच.

पट्टीच्या टूलांची नावं सांगा, मग त्यावर बोलते.

यार्डातला_कोडर

‘पट्टी’ आणि ‘पट्टी_नवी’. पहिलं तयार करतं. दुसरं दाखवतं, नव्या छपाईच्या साच्यात. नावं आधीच्या माणसाने ठेवलेली आहेत, मी फक्त वारस.

मॅन्युअलवाली

😄 मग मॉडेलला का बोल लावताय? दाखवणारं ‘पट्टी_नवी’ आणि तयार करणारं ‘पट्टी’, मीसुद्धा चुकले असते. ‘पट्टी_दाखवा’ आणि ‘पट्टी_तयार_करा’ करा. वर्णनात एकमेकांचा उल्लेख हवा: ‘जुनी पट्टी पाहायची असेल तर हे वापरू नका, पट्टी_दाखवा वापरा.’ कधी वापरायचं नाही, हे वाक्य लोक हटकून विसरतात.

कोथरूड_ऑडिट

यात भर. एमसीपीत ‘रीड-ओन्ली-हिंट’, ‘डिस्ट्रक्टिव्ह-हिंट’ अशा खुणा आहेत, त्या लावा. पण त्या नुसत्या सूचना आहेत, क्लायंटने मानल्या तर मानल्या. पट्टी म्हणजे शेतकऱ्याचे पैसे. तयार करण्याआधी कच्ची पट्टी दाखवून माणसाचा होकार घेणं कोडमध्येच ठेवा, वर्णनाच्या भरवशावर नको.

मॅन्युअलवाली

शंभर टक्के. आणि लांबीचं म्हणाल तर सहा टूलांना कॉन्टेक्स्टची धास्ती नको, साठ असती तर आधी निम्मी काढा म्हटलं असतं. दर टूलला चारपाच ओळी खुशाल लिहा.

लिहून झालं की मालकांचे खरे प्रश्न त्यांच्याच शब्दांत घ्या, ‘काल मेथी कशी गेली’ वगैरे, ते चालवा आणि प्रत्येक वेळी कुठलं टूल कुठल्या पॅरामीटरने बोलावलं ते लॉगमध्ये बघा. वर्णनातला एक शब्द बदलला तरी तेच प्रश्न पुन्हा चालवायचे. तपासायला दिवाणजींना बसवा, बाणेरच्या पोरांना नको. (बाणेर, राग मानू नका.)

बाणेर_बॅकएंड

मानला. 😄

यार्डातला_कोडर

हे बघा ताई: ‘दर_दाखवा: एका मालाचा एका दिवसाचा किमान आणि कमाल घाऊक दर. आपल्याच गाळ्यावरची विक्री, पूर्ण यार्डाची नाही. कांदा-बटाटा रुपये प्रति १० किलो, पालेभाजी रुपये प्रति शेकडा. दिवस: काल, आज किंवा वर्ष-महिना-दिवस. शेतकऱ्याचा हिशेब हवा असेल तर पट्टी_दाखवा वापरा.’

मॅन्युअलवाली

‘पूर्ण यार्डाची नाही’ हे छान, मला सुचलं नव्हतं. ‘शेकडा’चं ‘शंभर जुड्या’ करा, नाहीतर टक्के समजेल. आणि फळभाज्या राहिल्या.