आईबाबांसाठी मांजर: पिल्लू नको, मोठंच आणा

वाडीवाली:
आईबाबा दोघंही सत्तरीपुढचे, बडोद्यात दोघंच राहतात. मांजर हवंय म्हणतात. नातेवाईक ‘पिल्लूच आण, लळा लागतो’ म्हणून मागे लागलेत. माझं मत उलट आहे. रेस्क्यूवाल्यांकडे चारेक वर्षांची, नसबंदीचं ऑपरेशन झालेली मांजरी आहे, तीच आणावी. पिल्लू पडद्यावर चढणार, पहाटे पायाचे अंगठे चावणार, पायात घुटमळून बाबांना पाडणार. घरातलं मांजर पंधरा वर्षंही जगतं. बाबा ७३ चे आहेत, हिशेब करा.

गच्चीकर:
हिशेब पटला, बाकी नाही. रस्त्यावर वाढलेल्या जिवाला दोन खोल्यांत कोंडणं ही दया की शिक्षा? आमच्या गल्लीतला बोका चार घरी जेवतो आणि कुणाचाच नाही. ऑपरेशन करा, लस द्या, तिथंच राहू द्या. आणि ताई, तुम्ही पुण्यात. वाकून तिच्या शी-शूची वाळू कोण बदलणार?

वाडीवाली:
कामाच्या मावशींशी बोलून झालंय, त्याचे वेगळे पैसे देणार.

रेस्क्यूवाला:
गच्चीकर, तुमचा बोका आणि ही मांजरी यांत फरक आहे. पिल्लाला माणसाची सवय लागते ती साधारण दुसऱ्या ते नवव्या आठवड्यात. तेव्हा माणसाचा हात लागला नसेल, तर मोठेपणी ते घरात सहसा रमत नाही. तिथं तुमचं खरं. पण लोक घर बदलताना पाळलेली मांजरं मागे सोडून जातात. ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीला पूर आला, त्यानंतर आमच्याकडे आलेल्यांतली काही तर सरळ मांडीवर येऊन बसायची. मोठ्या मांजराचा स्वभाव समोर दिसतो, पिल्लाचा म्हणजे लॉटरी.
ताई, एफआयव्ही आणि ल्युकेमिया या मांजरांतल्या विषाणूंची चाचणी झाली का, रेबीजची लस कधी दिली, हे विचारून घ्या. सुरुवातीला एकाच खोलीत ठेवा. पलंगाखाली दडली तर ओढून काढू नका. मात्र दिवसभर तोंडच लावलं नाही तर डॉक्टरांना फोन करा. मांजर उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठते, त्यातून जाड असेल तर धोका जास्त.

दूधपोळी:
आमच्या घरात अंडंही येत नाही. मांजरं दूधपोळीवर वाढली, ठणठणीत होती.

रेस्क्यूवाला:
कारण बाहेर जाऊन उंदीर, पाली खात होती! मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं आणि ते मांसातून मिळतं. नाही मिळालं तर डोळे जातात, हृदय दुबळं होतं. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूधही पचत नाही. घरात बंद ठेवून दूधपोळीच घालणार असाल, तर आणू नका.

दूधपोळी:
म्हणजे शाकाहारी माणसानं मांजर पाळूच नये? फार झाला हा उपदेश.

वाडीवाली:
आमचंही घर शाकाहारीच हो. पाकिटातल्या कोरड्या खाद्याला आईची हरकत नाही. स्वयंपाकघरात नको, एवढंच तिचं म्हणणं.

गच्चीकर:
माझा विरोध कायम. पण आणणारच असाल तर उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत, उलटू द्या. १४-१५ जानेवारीला गच्च्यांवर भोंगे, रात्री फटाके. नवं मांजर बिथरून बाहेर पळालं तर त्या मांज्यांच्या गुंत्यात शोधणार कुठं? आणि आधी बाल्कनीला जाळी, मग मांजर.

वाडीवाली:
जाळीवाला रविवारी येतोय. तारखेचं आईशी बोलते.