अनुभव धागा: नव्या वर्षाला घरात आलेली नवी रीत

आपल्या भागात नवं वर्ष एकदाच येत नाही. येळवसेला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला, सगळा गाव रानात जाऊन भज्जी-आंबील खाऊन येतो, 1 जानेवारीला भिंतीवरचं कॅलेंडर बदलतं, पाडव्याला पंचांग बदलतं आणि सालगड्याचं सालही. यांपैकी कुठल्याही निमित्तानं तुम्ही एखादी नवी रीत धरून पाहिली का? दुसऱ्या गावची, दुसऱ्या देशाची, नाहीतर घरीच सुचलेली. टिकली असेल तर कशी, सुटली असेल तर कशामुळं, मोकळेपणानं लिहा.

औसा, जि. लातूर
सुरुवात मीच करतो. वडिलांच्या काळापासून सालगड्याचा व्यवहार पाडव्याला ओट्यावर बसून तोंडी ठरायचा. साल किती, उचल किती, ज्वारी किती, कपड्यांचे जोड किती. एका वर्षी उचलीच्या आकड्यावरून बोलाचाली झाली. चूक आमच्याकडची होती, पण ती कळेपर्यंत गडी घर सोडून गेला होता. ते मला अजून लागतं. तेव्हापासून पाडव्याला दोन वह्या आणतो, एक त्यांच्या घरी, एक आमच्या. आताच्या गड्याची नववीतली मुलगी दोन्हीत लिहिते, मोठ्यानं वाचून दाखवते, मग सह्या. साखरेची गाठी त्यानंतरच फुटते.

देगलूर, जि. नांदेड
माझी सून बोधनची, तेलंगणातली. पाडवा आणि त्यांची उगादी एकाच दिवशी. आमच्या घरात कडुलिंबाचा कोवळा पाला, ओवा, हिंग, मीठ, गूळ वाटून गोळी देत असू. नातवंडं ती गालात धरायची आणि मोरीत जाऊन थुंकायची. सून म्हणाली, "आत्या, यंदा पच्चडी करते." नव्या चिंचेचा कोळ, त्यात गूळ, बारीक चिरलेली कैरी, मिरची, मीठ आणि कडुलिंबाचा फुलोरा. सहा चवी एका वाटीत. फुलं आदल्या दिवशी झाडाखाली धोतर पसरून मुलांनीच पाडली, म्हणून त्यांनी वाटी चाटून संपवली. आता आमची गोळी मोठ्यांना, पच्चडी सगळ्यांना. शेजारच्या चार घरांतही वाट्या जातात.

धाराशिव
डेन्मार्कमध्ये वर्षाच्या शेवटी मित्रांच्या दारावर जुन्या बश्या फोडतात, असं वाचलं होतं. आईला विचारलं, तिनं नको म्हटलं. विषय संपला. तिच्या मनाविरुद्ध सण करायचा नाही.

जालना
कडवंचीच्या बाजूची आमची द्राक्षबाग. स्पेनमध्ये 31 डिसेंबरच्या मध्यरात्री घड्याळाच्या 12 ठोक्यांबरोबर 12 द्राक्षं खातात, ठोक्याला एक. आपण तर पिकवणारे, म्हणून मोठ्या हौसेनं त्याच रात्री केलं. पण आमच्या बागेत तेव्हा मण्यात गोडी उतरलेली नसते, सगळ्यांचे दात आंबले. त्यात चार वर्षांच्या पुतण्यानं घाईत आख्खा मणी गिळला आणि तो घशात अडकला. पाठीवर थापा मारल्यावर निघाला. तेवढ्या वेळात घरात कुणाच्या अंगात रक्त राहिलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी तेच पाडव्यावर आणलं. तोडा संपत आलेला असतो, मागं राहिलेल्या घडांत साखर भरलेली असते. गुढी उभारली की आजोबा देवघरातली घंटा घेतात आणि 12 टोले देतात, पण एकेक मणी नीट चावून व्हावा इतके थांबून. लहानांना मणी उभे चिरून, चार फाकी करूनच. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी एवढं नक्की पाळा. बाग तोडायला येणाऱ्या बायाही त्या सकाळी आमच्याबरोबर उभ्या असतात.

पैठण
शाळेत शिकवतो. शालिवाहन शकाचं नाव ज्या सातवाहनांशी जोडलं जातं त्यांची राजधानी आमच्याच गावी, प्रतिष्ठानला होती, आणि मुलांना चालू शक सांगता येत नव्हता. आता पाडव्यानंतरच्या पहिल्या दिवशी फळ्यावर गणित: 2026 वजा 78, शके 1948. मुलं वर्षभर वहीवर दोन्ही तारखा घालतात.

गेवराई, जि. बीड
आई-वडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते, पाडव्याच्या आगंमागं माणसं परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. मी आणि भाऊ आजीजवळ राहून शिकलो.

होस्टेलवर एकीनं सांगितलं, कोलंबियात 31 डिसेंबरला रात्री रिकामी बॅग घेऊन चक्कर मारतात, म्हणजे वर्षभर प्रवास घडतो. आम्ही साऱ्याजणी मारून आलो. फार आनंदात आईला फोन केला. ती उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत होती. जरा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "बाय, आपल्याला जायचं नगं मागू. घरी ऱ्हायचं माग."

त्या वर्षी ते परतले तेव्हा मी रीत धरली. पत्र्याची पेटी दारात उतरली की चिंधीसुद्धा आत ठेवायची नाही. नाहीतर अर्धं सामान पुढच्या दिवाळीपर्यंत पेटीतच राहायचं, पुन्हा जायचंच आहे म्हणून. कोयते धुऊन, तेल लावून आढ्याला खोचायचे. पेटी घासून अंगणात पालथी घालायची.

पहिली दोन वर्षं हे मी एकटीच करत होते. गेल्या पाडव्याला घरी पोचले तर पेटी आधीच पालथी होती, आणि आई तिच्यावर बसून गुढीसाठी लिंबाचे डहाळे निवडत होती.