‘पासंग’ चालेल का? यंत्राच्या दुजाभावाला मराठी शब्द हवा

कापूसकोंडा (दारव्हा)
गावच्या वाचनालयाच्या भिंतपत्रकासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर लिहितोय, आणि ‘रेशियल बायस’पाशी अडलोय. पेपरवाले ‘वांशिक पूर्वग्रह’ लिहितात. तेच आईला वाचून दाखवलं तर म्हणते, “कोनाच्या वंशाचं काय झालं रे?” तिच्या लेखी वंश म्हणजे वंशाचा दिवा. ‘वर्ण’ घ्यावा तर अर्ध्या गावाला चातुर्वर्ण्य आठवणार, उरलेल्यांना लग्नाच्या बायोडाट्यातला ‘गव्हाळ’. काय लिहू?

वर्धेकरीण
पंक्तिप्रपंच! एकाच्या पानावर तुपाची धार, शेजारच्याला नुसता वास.

जुनी पाटी
ताई, शब्द झकास, पण इथं बसत नाही. वाढप्याला पक्कं ठाऊक असतं कुणाच्या पानावर काय पडतंय. पूर्वग्रहालाही मन लागतं. यंत्राला ते कुठून आणायचं? मी ‘पासंग’ सुचवीन. रिकाम्या तराजूचं एक पारडं खाली राहतं, तो पासंग. तो फरक भरून काढायला हलक्या बाजूला जो खडा बांधतात, तोही पासंगच. शब्द फारसीतला, ‘संग’ म्हणजे दगड. आता तो ‘पासंगालाही पुरत नाही’ एवढ्यापुरताच उरलाय. वेचणीचा कापूस मोजायच्या आधी आमच्याकडच्या बाया रिकामा तराजू उचलून दाखवायला लावत, ते याच्याचसाठी.

चेहरा पाहून बाई की पुरुष हे सांगणारी यंत्रं घ्या. जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू यांनी २०१८ मध्ये तीन कंपन्यांची अशी यंत्रं तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुका फार तर ०.८ टक्के, काळ्यासावळ्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. अशी यंत्रं ज्या फोटोंवर पारखली जात, त्यांतच गोऱ्या चेहऱ्यांची गर्दी होती. म्हणजे मोजायच्या आधीच पारडं झुकलेलं.

पाणंद
गुरुजी, मले हे पटत नाही. पासंग म्हटलं का दुकानदार सुटला ना! “तराजूच तसा हाये भाऊ, मी काय करू?” आमच्या गावात याले ‘काटा मारनं’ म्हन्ते.

जुनी पाटी
काटा मारण्यात हात लागतो, पासंगात लागत नाही. फरक तेवढाच आहे आणि मोठा आहे. पण पासंग दाखवून दिल्यावरही जो त्याच तराजूवर मोजत राहील, त्याला खुशाल काटा मारणारा म्हणा. त्या कंपन्यांची यंत्रं २०१९ मध्ये पुन्हा तपासली, तेव्हा चुका बऱ्याच उतरल्या होत्या. म्हणजे खडा बांधता येत होता, आधी कुणी बांधला नव्हता.

वर्धेकरीण
पंक्तिप्रपंच मागे घेते. मी आशा सेविका आहे, कोरोनात घरोघर ऑक्सिमीटर घेऊन फिरले. एका चांगल्याच सावळ्या काकांचा आकडा ९६, आणि माणूस भिंतीला टेकून धापा टाकतोय. सेल बदलले, बोट बदललं, तरी तेच. शेवटी आकडा सोडला आणि तालुक्याला पाठवलं. ते रंगामुळेच झालं असं मी म्हणणार नाही, बोटं गार असली तरी ते यंत्र चुकतं. पण ते बोटातून लाल उजेड पाडून मोजतं, आणि कातडीतला काळा रंगही त्यातला थोडा उजेड गिळतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी छापलं होतं: यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्ततपासणीत ऑक्सिजन ८८ च्या खाली निघाला, असं काळ्या रुग्णांच्या ११.७ टक्के नोंदींत झालं, गोऱ्यांच्या ३.६ टक्के. त्या यंत्रात कुठली बुद्धिमत्ता? साधं चिमट्यासारखं तर आहे. त्याला ‘पूर्वग्रह’ म्हणताना मलाच हसू येईल. पासंग बरोबर.

पाणंद
ठीक हाये, पन आता सगळीकडं इलेक्ट्रॉनिक काटे आले. आमच्या पोरीले पासंग म्हटलं तर ते म्हन्ते, हे कोन्ती भाजी?

जुनी पाटी
इलेक्ट्रॉनिक काट्यावरही आधी रिकामं पोतं ठेवून शून्य करतोच की आपण. पोरीला ते दाखवा.

कापूसकोंडा
गुरुजी, ताई, पाणंदभाऊ, आभार. ‘वंश’ काढला. “कातडीच्या रंगाचा पासंग” असं लिहिलंय आणि पहिल्यांदा आलाय तिथं तराजूचं चित्र काढलंय. आईला पुन्हा वाचून दाखवलं. तिला ‘पासंग’ लगेच कळला, ‘कृत्रिम बुद्धिमत्ते’वर अडली. एक शंका: अनेकवचन काय करायचं? ‘पासंगे’ लिहिलं होतं, कानाला खटकतंय.

जुनी पाटी
पासंगच. एक पासंग, चार पासंग. ‘दगड’सारखं चालवा.