मदत हवी आहे: फ्रिजला पाण्याचं कनेक्शन, पण टाकीचं प्रेशर पुरत नाही

नमस्कार मंडळी, जुळे सोलापूरला राहतो. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिला सारखं वाकून माठातलं पाणी घ्यायला नको म्हणून दारातूनच पाणी आणि बर्फ देणारा फ्रिज घेतला. आता अडचण अशी की मॅन्युअलमध्ये किमान २० पीएसआय (प्रेशरचं माप) प्रेशर पाहिजे लिहिलंय आणि आपल्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, म्हणजे सगळा कारभार गच्चीवरच्या टाकीवर. टाकी फ्रिजच्या वर जेमतेम १५ फूट, १० मीटर उंचीला साधारण १४ पीएसआय धरलं तर माझ्याकडं ६-७ च येतंय.

प्लंबरनं सिंकखालच्या पाइपला भोक पाडून क्लॅम्पचा व्हॉल्व्ह बसवला, तिथनं दुसऱ्याच दिवशी थेंब थेंब गळायला लागलं, खालची प्लायवूड फुगून वर आली बघा. तो काढून आता नीट टी (तीन तोंडांचा पाइपचा जोड) आणि छोटा बॉल व्हॉल्व्ह टाकणार आहे, पाव इंची नळी फ्रिजमागं दोन वेटोळे जास्तीची ठेवून, म्हणजे फ्रिज पुढं ओढला तरी ताण येणार नाही.

विचारायचं हे की छोटा बूस्टर पंप टाकीच्या लाइनवर लावू की आरओच्या पुढं? बोअरचं पाणीपण त्याच टाकीत पडतं, जड आहे, बर्फाच्या भागात क्षार बसायची भीती वाटते. आणि आरओमधनं दिलं तर फ्रिजमधला फिल्टर काढून बायपास प्लग (फिल्टरच्या जागी बसवायचं बूच, पाणी तसंच पुढं जाऊ देणारं) लावायचा का? कुणी घरी केलं असेल तर फोटो टाका, आई सोमवारी घरी येतीय.